घरी न्यावयाचे आइस्क्रीम

जत्रेला गेलेला गोमंतकीय सहसा रिकाम्या हातांनी घरी परतत नाही. फातर्प्याची जत्रा असो, शिरगावची असो वा म्हापशाच्या बोडगेश्वराची असो, देवदर्शन आटोपून परतीची वाट धरण्यापूर्वी खाज्यांच्या दुकानापाशी पावले थबकतातच. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताहून परतणाऱ्या ख्रिस्ती बांधवांच्या पिशवीतही हाच पुडा सापडावयाचा. घरी राहिलेल्यांचा वाटा घरी पोचविल्याखेरीज उत्सव पुरा झाला असे आपल्याकडे कोणी मानीत नाही. खाजे या कामी मोठे सोशिक. बेसनाच्या कांड्या, गुळाचा पाक, आल्याचा झणका. चार दिवसांनी खाल्ले तरी चवीत फरक पडत नाही. परंतु त्याच दुकानाच्या शेजारी आइस्क्रीमचा गाडा उभा असतो, आणि तेथे मात्र हा शिष्टाचार अडखळतो. जे धड हातातही टिकत नाही, त्यातला वाटा घरी राहिलेल्यांना द्यावयाचा कसा? आमच्या पिढीच्या बालपणी घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, त्यांची आठवण आज काढावीशी वाटते. कारण हा प्रश्नच आता उरलेला नाही, आणि त्याच्याबरोबर आणखीही काही निघून गेले आहे.

बर्फ दूरवर नेण्याची विद्या तशी जुनी. 1833 साली 'टस्कनी' नावाचे जहाज अमेरिकेतील बोस्टन बंदरातून सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी, उष्ण कटिबंध ओलांडून, कलकत्त्यास पोचले, तेव्हा त्यातील सुमारे 100 टन बर्फ शाबूत होता. गोठलेल्या पाण्यातून कापून काढलेल्या त्या लाद्यांचे रक्षण केले ते लाकडाच्या भुशाने. भुसा आणि गोणपाट यांचा हा उपाय आपल्याकडील बर्फवाल्यांनी पुढे कित्येक दशके चालविला. त्यात रहस्य एवढेच की, भुशाच्या कणांत कोंडलेली हवा बाहेरची उष्णता आत शिरू देत नाही. आइस्क्रीमचा पुडा वर्तमानपत्राच्या पाचसहा पदरांत गुंडाळून देणारा दुकानदार हेच शास्त्र वापरीत असे. त्या कामी आमच्यासारख्यांचे अग्रलेखही उपयोगी पडले असतील, तर त्याचा आम्हांस विषाद नाही.

आइस्क्रीम घरच्यांना मिळावे याचा पहिला मार्ग म्हणजे ते घरीच करणे. लाकडी पिंप, त्यात कल्हईचा डबा आणि वर फिरवावयाचा दांडा, असा तो 'पॉट' चांगल्या खात्यापित्या घरात असे. नसल्यास शेजारून मागून आणीत. हाताने फिरवावयाच्या अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी 1843 साली घेतले होते, हे दांडा फिरवून खांदे दुखविणाऱ्या पोरांना अर्थातच ठाऊक नव्हते. डब्याभोवती बर्फाचे तुकडे आणि खडे मीठ यांचे थर द्यावयाचे. नुसत्या बर्फाने दूध गोठत नाही. मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंतही उतरू शकते. मीठ आपल्या मिठागरांतले, आंबा मानकुराद, आणि मेहनत सुटीवर आलेल्या मुलांची. अर्ध्या तासाने दांडा जड झाला की वडील माणसाने झाकण उघडावयाचे, आणि चुकून एखादा मिठाचा खडा आत गेला की साऱ्या घराने खारट आइस्क्रीम निमूटपणे गोड मानून घ्यावयाचे.

दुसरा मार्ग विकत आणण्याचा. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. घरून जाताना झाकणाचा डबा न्यावयाचा, तो दुकानी भरून घ्यावयाचा. एखाद्याकडे रुंद तोंडाचा थर्मास असला तर त्याचा भाव आळीत वधारलेला असे. पुढे कागदी खोक्यातली 'वीट' आली आणि डब्याची गरज संपली. मात्र मुदतीची गरज संपली नाही. आइस्क्रीम हाती आले त्या क्षणापासून घड्याळ सुरू होई. पणजीहून फोंड्यास जाणारी बस भरेपर्यंत थांबणार की नाही, वाटेत ओळखीचा माणूस भेटला तर त्याला टाळावयाचे कसे, हे सारे हिशेब मनात चालत. 1986 च्या जुलैत मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, त्यानंतर काही वर्षे पणजीहून बार्देशात परतणाऱ्यांच्या नशिबी पुन्हा फेरीबोट आली. त्या काळात बेतीला उतरेपर्यंत विटेचे काय होईल, याचा अंदाज बांधणे हे नदीच्या भरती-ओहोटीचा अंदाज बांधण्याइतकेच अनुभवाचे काम होते.

एवढा खटाटोप कोणासाठी? दुकानात बसून खाणे सोपे होते, स्वस्तही होते. परंतु घरातील आजी बाहेरचे पाणीसुद्धा घेत नसे. काकू, वहिनी यांनी हॉटेलात जाऊन बसणे घराण्याच्या रीतीत बसत नसे. हॉटेलांतून 'फॅमिली रूम' अशी पाटी लावून पडद्याआडची दोन-चार टेबले राखलेली असत, यावरूनच बाहेरची मुख्य खोली कोणाची होती हे कळून येते. आजारी माणूस होता, बाळंतीण होती, दुकान सोडून हलू न शकणारे आजोबा होते. घरी आणलेले आइस्क्रीम हे या सर्वांपर्यंत पोचणारे एकमेव आइस्क्रीम होते. आपल्या समाजातील अनेक स्त्रियांनी आपल्या आयुष्यातले पहिले आइस्क्रीम स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत, पितळेच्या वाटीतून आणि बरेचसे वितळलेल्या स्थितीत खाल्ले, हे सांगताना गहिवर आणण्याचे कारण नाही. ती वस्तुस्थिती होती.

त्याला घरोघरचे नियमही होते. मासळी आणि दूध एका जेवणात नको, हा आपल्याकडचा जुना निर्बंध. त्यामुळे गोव्यातील कित्येक हिंदू घरांत आइस्क्रीमचा वार हा शिवराक वारच, म्हणजे सोमवार. त्यात अंडे आहे की नाही, याची चौकशी दुकानदाराकडे केल्याखेरीज आजी वाटीला हात लावीत नसे. वेष्टनावर हिरवा ठिपका छापण्याचा कायदा 2001 साली आला. तोवर दुकानदाराचा शब्द हाच ठिपका होता. पावसाळ्यात आइस्क्रीम वर्ज्य, खोकला असलेल्या मुलास वर्ज्य, परीक्षेच्या आधी तर सर्वांनाच वर्ज्य. उलट टॉन्सिलचे ऑपरेशन झालेल्या मुलास डॉक्टरच आइस्क्रीम द्यावयास सांगत, आणि त्याची भावंडे आपल्या निरोगी घशांबद्दल हळहळत बसत.

वीट घरी आली की घरातील सर्व माणसे एका जागी गोळा होत, कारण दुसरा इलाजच नव्हता. अभ्यास अर्धा टाकावा लागे, रुसवा आवरावा लागे, देवापुढे बसलेल्यांना जप आवरता घ्यावा लागे. कोमट पाण्यात बुडविलेल्या सुरीने विटेचे काप होत. कापणाऱ्याने शेवटचा काप घ्यावयाचा, हा अलिखित नियम मापाच्या अचूकपणास पुरेसा असे. शेजाऱ्यांकडे शीतकपाट असले आणि पाहुणे यावयाचे असल्याने वीट तासभर त्यांच्याकडे ठेवली, तर दोन काप न मागता त्यांच्या घरी जात. त्या काळच्या घरगुती शीतकपाटात बर्फ होई, पण आइस्क्रीम फार वेळ घट्ट राहत नसे. साठवणे अशक्य होते, म्हणून वाटणे अपरिहार्य होते. औदार्य हा त्यातला भाग थोडा, निरुपाय हा अधिक; परंतु चांगल्या सवयी पुष्कळदा निरुपायातूनच लागतात.

गोव्याबाहेरच्या मराठी वस्त्यांतही या रीतीची भावंडे आढळतात. हैदराबादेतील सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतील मराठी कुटुंबांना मोअज्जमजाही मार्केट जवळचे. 1935 साली उभ्या राहिलेल्या त्या दगडी मंडईतील दुकाने फळांचा गर घातलेल्या, विशेषतः सीताफळाच्या, आइस्क्रीमसाठी नावाजलेली आहेत. हिवाळ्याच्या तोंडावर सीताफळे आली की तेथून घरी डबा जावयाचा. बडोद्याच्या मराठी घरांत पॉटला गुजरातीप्रमाणे 'संचा' म्हणतात. इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर खाण्याचा बाजार भरतो आणि तेथे मान कुल्फीचा. मुंबईच्या चौपाटीवर कुल्फी तराजूत तोलून देतात. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा मिसळते; आटविलेल्या दुधाच्या कुल्फीत ती नसते, म्हणून कुल्फी घट्ट होते आणि सावकाश वितळते. तिला घरी नेण्याची घाई नसे; उलट लाल फडक्याने गुंडाळलेला मटका घेऊन रात्री कुल्फीवालाच दारी येई.

मग काळ पालटला. आइस्क्रीमचे उत्पादन 1997 पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होते. गावोगावी निराळ्या नावाचे, निराळ्या चवीचे आइस्क्रीम मिळे, त्याचे एक कारण हे. आदल्याच वर्षी, 1996 साली, आणंदच्या सहकारी दूधसंघाने 'अमूल' आइस्क्रीम बाजारात आणले. शून्याखाली 18 अंशांची शीतपेटी वाण्याच्या दुकानापर्यंत पोचली, मग घरापर्यंत. पूर्वी दुकानदाराला तोंडावर विचारता येई. आता वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावी लागतात. नियमानुसार पूर्ण आइस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुग्धजन्य स्निग्धांश हवा, आणि लिटरभर आइस्क्रीमचे वजन 525 ग्रॅमहून कमी असता कामा नये. बाकीची जागा हवेची. वनस्पतिजन्य तेल वापरले असेल तर त्यास आइस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावे लागते. घरी नेणाऱ्याने एवढे तरी पाहून घ्यावे.

जुने ते सारे सोने, असे आमचे म्हणणे नाही. ज्या आजीला घरातील कोणा पुरुषाच्या मर्जीची वाट पाहावी लागे, तिची नात आज मैत्रिणींसह राजरोस दुकानात बसते, यात समाजाचे भलेच झाले आहे. परंतु शीतपेटीने वितळण्याची भीती घालविली, तशी एकत्र बसण्याची सक्तीही घालविली. प्रत्येकाचा पेला वेगळा, चव वेगळी आणि खाण्याची वेळही वेगळी. एकाच छपराखाली चार माणसे चार निरनिराळ्या वेळी आइस्क्रीम खातात आणि कोणी कोणाला विचारीत नाही. आखातात वा लंडनला असलेला मुलगा दूरध्वनीवरून गोव्यातील घरी आईवडिलांसाठी आइस्क्रीम पाठवू शकतो, आणि पाठवितोही. त्याच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. घरी राहिलेल्यांचा वाटा पोचविण्याचा जुना धर्मच तो पाळीत असतो. मात्र दारी आलेल्या त्या डब्यातील दोन चमचे दोघे म्हातारी माणसे खातात, आणि उरलेला डबा शीतकपाटात आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. पूर्वी आइस्क्रीम पुरत नसे. आता माणसे पुरत नाहीत.

यावर कोणता कायदा होणार नाही, कोणती योजनाही निघणार नाही. मे महिन्याची सुटी आणि त्यामागून येणारी चवथ, हे दोन प्रसंग अजून आपली घरे भरवितात. अशा एखाद्या संध्याकाळी, सोमवार पाहून, वेगवेगळे पेले न आणता एकच मोठी वीट आणावी, ती शीतकपाटात न ठेवता ताटात काढावी, आणि सुरी घरातील सर्वांत धाकट्या मुलाच्या हाती द्यावी. काप समान करावयाचे आणि आपला शेवटी घ्यावयाचा, एवढेच त्याला सांगावे. बाकीची घाई आइस्क्रीम स्वतःच करील.