वाळवंटातली पाणीपट्टी आणि दूधगंगाकाठचा हिशेब

मंडळी, आपल्यापैकी कितीजणांना गेल्या महिन्याचं पाण्याचं बिल आठवतंय? विजेचं बिल आठवतं, इंटरनेटचं तर तोंडपाठ असतं. पाण्याचं मात्र सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये कुठंतरी दडलेलं असतं, नाहीतर गावाकडं वर्षातून एकदा भरायच्या पाणीपट्टीच्या पावतीवर. म्हणूनच अमेरिकेतल्या लास वेगासची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथं पाण्याच्या बिलावरून शेजारी शेजाऱ्याशी वाद घालतो, लोक सार्वजनिक सभांमध्ये उभं राहून तावातावानं बोलतात.

मी सदलग्याचा. चिकोडी तालुका, दूधगंगेचा काठ. आमच्या भागानं २०१९ आणि २०२१ चा महापूर अंगावर घेतलाय, आणि उन्हाळ्यात त्याच नदीचं पात्र कोरडं पडलं की ‘काळम्मावाडीतून पाणी सोडा’ म्हणून निवेदनं देणारेही आम्हीच. अशा गावच्या माणसाला वाळवंटातल्या शहराचं काय पडलंय, असं कुणी विचारेल. पण आकडे घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट आपल्यापासून फार लांब नाही.

नऊ डॉलरचं प्रकरण

लास वेगासमध्ये वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडतो. शहराचं सुमारे नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाच्या जलाशयातून, म्हणजे लेक मीडमधून येतं. दोन दशकांच्या दुष्काळानं हा जलाशय आटत गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर केली. २०२२ च्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी १९३० च्या दशकात धरण भरल्यापासूनच्या नीचांकावर गेली आणि वर्षानुवर्षं बुडालेल्या होड्या उघड्या पडल्या.

त्यानंतर १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या पाणीपुरवठा संस्थेनं स्वतंत्र घरांसाठी ‘जादा वापर शुल्क’ सुरू केलं. नियम साधा होता. प्रत्येक ऋतूला महिन्याची एक मर्यादा: हिवाळ्यात १४ हजार गॅलन, वसंतात २४ हजार, उन्हाळ्यात २८ हजार, शरदात १९ हजार. त्यापुढच्या दर हजार गॅलनला नेहमीच्या बिलावर आणखी नऊ डॉलर. म्हणजे जुलैमध्ये कुणी ३८ हजार गॅलन वापरलं, तर वरच्या दहा हजारांचे ९० डॉलर जादा.

आपल्या मापात सांगायचं तर उन्हाळ्याची मर्यादा महिन्याला एक लाख सहा हजार लिटर, दिवसाला साधारण साडेतीन हजार. आपल्याला हे ऐकून चक्कर येईल. ‘एवढं पाणी वापरून वर तक्रार?’ असंही वाटेल. माझीही पहिली प्रतिक्रिया तीच होती. पण तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकल्यावर त्यात दम आहे हे मान्य करावं लागलं.

लोक नक्की कशावर चिडले?

हे शुल्क सर्वाधिक वापर करणाऱ्या सुमारे दहा टक्के घरांनाच लागेल, असं संस्थेचं म्हणणं होतं. ही घरं बहुतेक जुन्या वस्त्यांतली. मोठे प्लॉट, पन्नास-साठ वर्षांची झाडं. त्या काळी शहरानंच लोकांना ‘हिरवळ करा, झाडं लावा’ म्हणून सांगितलं होतं. आता त्याच झाडांना पाणी दिलं की दंड. झाडं वाळली तर सावली जाणार, आणि ४५ अंशांच्या उन्हात सावली ही चैन नव्हे.

दुसरी तक्रार सारखेपणाची. प्लॉट लहान असो वा मोठा, घरात दोन माणसं असोत वा सात, मर्यादा तीच. आपल्या लोकांना हे लगेच कळेल. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले, बहीण मुलांना घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीला आली, तरी मीटरला त्याचं काही नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात तिखट. ‘आमच्या झाडांना दंड, आणि गावाबाहेर नव्या वसाहती बांधायला परवानगी. कॅसिनोंची कारंजी उडताहेत, गोल्फची मैदानं हिरवीगार आहेत. काटकसर फक्त आम्हीच करायची?’

पाण्याचं गणित

इथं थोडं तंत्र समजून घ्यायला हवं, कारण त्याशिवाय न्याय-अन्याय ठरवता येत नाही.

लास वेगासमध्ये घरात वापरलेलं जवळपास सगळं पाणी, म्हणजे अंघोळीचं, भांड्यांचं, संडासचं, गटारातून शुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून परत लेक मीडमध्ये सोडलं जातं. जेवढं परत सोडलं तेवढं पुन्हा उचलायचा हक्क मिळतो. त्यामुळं शहराच्या दृष्टीनं हॉटेलातल्या हजार बाथरूमचं पाणी खर्च होतच नाही, ते फिरत राहतं. खरं खर्च होतं ते अंगणात ओतलेलं पाणी, कारण ते हवेत उडून जातं. तिथल्या पाणी प्राधिकरणाच्या हिशेबानं एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला ७३ गॅलन लागतात आणि वाळवंटी झाडांच्या बागेला १८. फरक ५५ गॅलनचा, म्हणजे दोनशे लिटरहून जास्त. म्हणून हे शुल्क अंगणावर नेम धरून आहे. हिरवळ काढणाऱ्याला अनुदान, २०२२ मध्ये नव्या तलावांवर ६०० चौरस फुटांची मर्यादा, नुसत्या शोभेच्या हिरवळीवर २०२६ अखेरपर्यंतची मुदत घालणारा राज्याचा २०२१ चा कायदा, हे सगळं त्याच हिशेबातलं.

संस्थेचं गणित असं चुकीचं नाही. गोल्फच्या मैदानांनाही पाण्याचं ठरावीक बजेट आहे. तरी लोकांचा राग का उरतो? कारण गणिताचा एक मोठा भाग शहराच्या बाहेर आहे.

कोलोरॅडोच्या खालच्या खोऱ्यातलं पाणी तीन राज्यांत वाटलंय. १९२२ चा करार आणि १९२८ चा कायदा यांनुसार नेवाडाचा वाटा वर्षाला तीन लाख एकर-फूट. हे टीएमसीत मोडलं तर येतात फक्त १३ टीएमसी. आपलं काळम्मावाडी धरण २५.४० टीएमसीचं आहे. म्हणजे बावीस लाखांवर वस्ती आणि वर्षाला कोट्यवधी पर्यटक असलेल्या त्या शहराचा नदीतला सगळा हक्क काळम्मावाडीच्या निम्मा! शेजारच्या ॲरिझोनाचा वाटा १२२ टीएमसी आणि कॅलिफोर्नियाचा १९२. वाटप झालं तेव्हा लास वेगास हे काही हजार वस्तीचं गाव होतं, त्याच्यासाठी जास्त कोण मागणार?

आणि कॅलिफोर्नियाच्या वाट्यातलं बहुतांश पाणी इम्पिरियल खोऱ्यातल्या एकाच शेती-पाणी संस्थेकडं जातं: ३१ लाख एकर-फूट, सुमारे १३५ टीएमसी. त्यातून भाजीपाला पिकतो, तशीच जनावरांसाठी मैलोन्‌मैल लसूणघासही पिकते. तिथल्या शेतकऱ्याला अनेक वर्षं एका एकर-फुटाला साधारण २० डॉलर पडत आलेत. लास वेगासच्या जादा शुल्कानं तेवढंच पाणी मोजलं तर होतात २,९०० डॉलरच्या वर. नदी एकच, दरात जवळपास दीडशे पटीचा फरक. अंगणातल्या तुतीच्या झाडासाठी ९० डॉलर भरणाऱ्या माणसाला हे कळलं की त्याचा पारा चढणारच.

आता आपल्याकडं या

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, अमेरिकेची भानगड अमेरिकेत. पण जरा आपल्या उसाकडं बघूया.

सरीतून मोकळं पाणी सोडून घेतलेल्या उसाच्या एका लागणीला एकरी ८० लाख ते एक कोटी लिटर पाणी लागतं, असा ढोबळ हिशेब आहे. लास वेगासच्या एका घराच्या बारा महिन्यांच्या मर्यादा मिळवल्या तर होतात साडेनऊ लाख लिटर. म्हणजे आपला एक एकर ऊस तिथल्या आठ-दहा घरांची वर्षाची मर्यादा पितो. कर्नाटकात दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट आहे. पाणीपट्टी असलीच तर एकरावर आणि पिकावर असते, लिटरवर नाही. त्यामुळं करंट आला की मोटर चालू, आणि करंट जाईपर्यंत पाणी चालू. रात्री बारा वाजता येणाऱ्या करंटला कोण उठून वाफे बघत बसणार? शेतकऱ्याचा यात दोष काढायला मी बसलेलो नाही. मोजमापच नसेल तर माणूस असाच वागतो, अंगण वेगासमधलं असो की शिवार आपलं.

पण किंमत कुणीतरी मोजतोच. कृष्णा-पंचगंगेच्या काठची, विशेषतः शिरोळकडची, हजारो एकर काळी जमीन अतिपाण्यानं क्षारपड झाली. वर पांढरा थर आणि खाली दलदल. ती सुधारायला आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढून द्यावं लागतंय. जे पाणी फुकट म्हणून दिलं, ते काढून टाकायला शेतकरी पैसे मोजतोय!

वाटपाची भांडणंही आपल्याला नवी नाहीत. बच्छावत लवादानं १९७३ साली कृष्णेच्या पाण्याचा निवाडा दिला: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८०० टीएमसी. दूधगंगा हा तर दोन्ही राज्यांचा मिळून प्रकल्प, त्यात आपल्या बाजूचा वाटा चार टीएमसी. इचलकरंजीला सुळकूडमधून दूधगंगेचं पाणी द्यायची योजना निघाली, तेव्हा कागल भागातून किती कडाडून विरोध झाला ते आपण पाहिलंय. इचलकरंजीच्या नळाला दिवसाआड पाणी नाही, आणि काठावरच्या माणसाला आपलं पाणी जाईल ही भीती. दोघंही खोटं बोलत नाहीत. अडचण ही की कोण किती वापरतो याचा दोघांनाही मान्य असा ताळेबंद कुणाकडं नाही.

जिथं जमलं

मीटर आणि टप्प्याटप्प्यानं वाढणारा दर म्हटलं की आपल्याकडं ‘पाण्याचं खासगीकरण’ म्हणून आरडाओरड सुरू होते. ती सगळीच निराधार नसते. पण दोन-तीन उदाहरणं बघण्यासारखी आहेत.

कराडजवळच्या मलकापूरनं २००९ च्या सुमारास सगळ्या गावाला चोवीस तास पाणी दिलं. घरोघरी मीटर आणि जास्त वापराला जास्त दर. चोवीस तास नळाला पाणी आहे म्हटल्यावर लोकांनी भांडी-बादल्या भरून ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून देणं बंद केलं. आपल्या बेळगावात २००८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, तिथंही मीटर होते. ज्यांच्या नळाला पाणी आलं त्यांनी बिल भरलं. शेजारच्या प्रभागातल्या लोकांची तक्रार दराची कमी आणि ‘आमच्याकडं कधी?’ ही जास्त होती.

आणि हिवरे बाजार. तिथं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं: किती पाऊस झाला, किती पाणी मुरलं, त्यात कोणती पिकं बसतील. पिण्याचं आधी, मग जनावरांचं, मग शेतीचं. शेतीसाठी बोअर मारायला बंदी. नियम लास वेगासपेक्षा कडक आहेत, पण तिथं चिडचिड कमी, कारण हिशेब ग्रामसभेत सगळ्यांसमोर होतो आणि नियम सगळ्यांना लागू असतो.

मला वाटतं, सगळ्या प्रकरणाचं मर्म इथं आहे. लोक पैशाला तेवढं चिडत नाहीत. आपल्यालाच पकडलं आणि मोठ्याला सोडलं असं वाटलं की चिडतात. पैसा कुठं गेला ते कळलं नाही की चिडतात. आणि महिना उलटल्यावर बिल हातात पडतं, तेव्हा वापर सुधारायची वेळ गेलेली असते म्हणून चिडतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधी गोष्ट शिकवतात: मर्यादा घालायची असेल तर वापरणाऱ्याला ती ओलांडण्याआधी सांगा, ओलांडल्यावर नुसता दंड करू नका. पाण्यालाही हेच लागू आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी बरेचजण आता फिनिक्स, दुबई, पुणे, बेंगळुरू अशा तहानलेल्या शहरांत स्थिरावलेत. तिथं आज ना उद्या असं शुल्क दारात येणारच. तेव्हा तीन प्रश्न विचारा. मर्यादा ठरवताना घरातली माणसं धरली आहेत का? शेती, उद्योग, हॉटेलं यांना कोणता नियम आहे? जमलेला पैसा गळत्या बंद करायला जातो की दुसरीकडं? समाधानकारक उत्तर मिळालं तर निमूट भरा, नाही मिळालं तर सभेत जाऊन बोला.

घरी एक सोपा प्रयोग करा. रात्री झोपताना सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठंतरी गळतंय. मुलांना हे काम फार आवडतं.

आणि गावाकडं ज्यांची शेती आहे त्यांनी या दिवाळीला गेल्यावर एवढंच विचारावं: ‘अण्णा, एका पाळीला मोटर किती तास चालते?’ बहुतेक घरांत याचं नेमकं उत्तर मिळणार नाही. वहीत तास लिहायला लागलात, की ठिबकचा विषय काढायला वेगळं निमित्त लागणार नाही. काळम्मावाडीच्या गळतीची दुरुस्ती सरकार करेल तेव्हा करेल, आपल्या शिवारातली गळती मोजायला मात्र कुणाची मंजुरी लागत नाही.