जनरेटरची उष्णता वाया का घालवायची?

मुंबईतल्या मनोरीच्या एखाद्या रिसॉर्टची वीज गेली की जनरेटर सुरू होतो. त्याचा तापलेला धूर थेट हवेत, आणि बाथरूममधला गीझर मात्र त्याच जनरेटरच्या विजेवर पाणी तापवतोय! ही उष्णता पकडून वापरणं म्हणजे सहवीजनिर्मिती. आपले साखर कारखाने उसाच्या चिपाडावर हेच करतात.

चांगलं गॅस इंजिन इंधनातल्या साधारण ४० टक्के ऊर्जेची वीज करतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी ९० अंशांच्या आसपास तापतं, धूर तर कितीतरी जास्त. दोन्हींची उष्णता वापरली की एकूण उपयोग ८० टक्क्यांपर्यंत जातो. मुंबईत खोल्या तापवायची गरजच नाही, पण याच उष्णतेवर व्हेपर ॲब्सॉर्प्शन चिलर चालवून एसीसाठी थंड पाणी मिळतं. असे चिलर पुण्याची थरमॅक्स बनवते.

गणित बसतं ते चोवीस तास वीज आणि उष्णता दोन्ही लागतात तिथेच: मोठी हॉस्पिटलं, स्वतःची लाँड्री असलेली हॉटेलं. शनिवार-रविवारी भरणाऱ्या छोट्या रिसॉर्टला सोलर वॉटर हीटरच बरा, असं माझं स्पष्ट मत. तुमच्या इमारतीसाठी विचार करत असाल, तर आधी वर्षभराची वीज आणि गॅसची बिलं काढून बसा.