मातीतील क्षणजीवी द्रव्ये: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीदरचे जांभ्याचे तांबडे पठार आणि कलबुर्गीची काळी भारी जमीन यांचा अभ्यास करताना नत्राचे चक्र, लोहाचे चक्र, गंधकाचे चक्र अशी स्वतंत्र प्रकरणे पाडण्याची पाठ्यपुस्तकांची पद्धत आहे, आणि २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतही बारा बाबींच्या बारा वेगळ्या ओळी असतात. मांडणीच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी निसर्गातही तशीच असते, हा पहिला आणि सर्वांत दूरवर पसरलेला गैरसमज होय. प्रत्यक्षात ही चक्रे एकमेकांत गुंतलेली असतात, आणि त्यांना जोडण्याचे काम पुष्कळदा अशी द्रव्ये करतात, जी तयार होताच जवळच्या द्रव्याशी इलेक्ट्रॉनची देवघेव करून नाहीशी होतात. त्यांतील काहींचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावे लागते, तर काही थोडे तास किंवा दिवस टिकतात. येथे त्या सर्वांना क्षणजीवी द्रव्ये म्हटले आहे.

या भागाचे मुख्य पीक असलेली तूर याचे उत्तम उदाहरण आहे. तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात, एवढे सर्वश्रुत आहे. पण हे काम करणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या, गाभ्यात लोहाचे सात, गंधकाचे नऊ आणि मॉलिब्डेनमचा एक अणू असतो, हे क्वचितच सांगितले जाते. हा विकर प्राणवायूच्या स्पर्शाने निकामी होतो, म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त प्रथिन मोकळा प्राणवायू धरून ठेवते. फुलोऱ्याच्या सुमारास तुरीचे रोप हलकेच उपटून एखादी गाठ नखाने फोडली, तर आत दिसणारी गुलाबी छटा याच प्रथिनाची असते, आणि ती छटा नसेल तर नत्र बांधण्याचे काम थंडावले आहे, असे समजावे.

स्फुरदाची कथा याहून बोलकी आहे. तांबड्या जमिनीतील बराचसा स्फुरद लोहाशी जखडलेला असतो आणि बहुतेक पिकांना तो उचलता येत नाही. बीदरहून हैदराबादकडे जाताना लागणाऱ्या पटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत नोरिहारू आए व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल बाहेर सोडतात, ते लोहाला पकडते आणि स्फुरद मोकळा होतो; पुढच्या अभ्यासांत मॅलोनिक आम्लासारख्या इतर आम्लांचाही वाटा आढळला. मुळांनी सोडलेली अशी आम्ले मातीतील सूक्ष्मजीव लवकरच खाऊन टाकतात, त्यामुळे माती परीक्षणात त्यांची नोंद होत नाही. परंतु तेवढ्या अवधीत कार्बन, लोह आणि स्फुरद या तिघांचे व्यवहार एका मुळाच्या टोकाशी जुळून आलेले असतात.

जे द्रव्य मातीत अत्यल्प सापडते ते महत्त्वाचे नसते, हा दुसरा गैरसमज यातूनच येतो. एखाद्या द्रव्याचा साठा किती आहे आणि त्यातून किती माल पुढे जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनियाचे नायट्रेट होताना वाटेत हायड्रॉक्सिलअमाईन व नायट्राइट हे टप्पे लागतात, आणि नायट्रिक ऑक्साइड हाही या वाटेवरील आवश्यक टप्पा असल्याचा पुरावा तर २०१७ साली पुढे आला. यांपैकी कोणतेही द्रव्य सुपीक जमिनीत सहसा साचत नाही, तरी पिकाला मिळणाऱ्या नायट्रेटचा बहुतेक भाग याच वाटेने आलेला असतो. शिवाय नायट्राइटची विद्राव्य लोहाशी गाठ पडली, तर जिवाणूंच्या मदतीवाचूनही नत्राचे वायू तयार होतात आणि लोहाला गंज चढतो. चिलीच्या किनाऱ्याजवळील प्राणवायूहीन पाण्यात सल्फाइड सापडत नसे, म्हणून तेथे गंधकाचे चक्र चालतच नाही असा समज होता. सल्फाइड तयार होताच त्याचे नायट्रेटच्या मदतीने पुन्हा सल्फेट होते, हे २०१० साली उघड झाले. न सापडणे म्हणजे न घडणे नव्हे.

तिसरा गैरसमज असा, की मुक्त मूलके, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे अतिक्रियाशील रेणू, केवळ उन्हामुळे निर्माण होतात आणि ती निव्वळ विघातक असतात. बीदरच्या जांभ्याच्या खाणीत उभी कापलेली भिंत जवळून पाहिली, तर गडद तांबड्या भागांत पांढुरके, पिवळट पट्टे दिसतात. तांबड्या जागी लोह गोठलेले असते, फिकट जागेतून ते निघून गेलेले असते. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपून खालच्या काळ्या पाषाणावर अडते, आणि याच सांध्याचा लाभ घेऊन बहमनी काळात नौबादचा करेझ, म्हणजे भूमिगत जलमार्ग, खोदला गेला. पाणी तुंबले की प्राणवायू संपतो व लोह विरघळते. पाणी उतरले की हवा शिरते आणि लोह पुन्हा गोठते. या दुसऱ्या टप्प्यात, संपूर्ण काळोखात, प्राणवायूपासून आधी सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. पेरॉक्साइड व लोह यांची ही क्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ सालीच नोंदवली होती. हायड्रॉक्सिल मूलक शेजारच्या सेंद्रिय पदार्थाला तत्क्षणी फोडते, म्हणजे लोहाच्या चक्रातील एक घटना कार्बनच्या चक्राला हलवते. विम्लधर्मी काळ्या जमिनीत या मूलकाचे उत्पादन कमी पडते. अनेक साधे जिवाणूही अंधारात सुपरऑक्साइड सोडतात व त्यामुळे मॅंगनीजचे ऑक्सिडीकरण होते, असे २०११ नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा मूलकांना सरसकट विष ठरवणे अयोग्य आहे.

विजा चमकल्या की रानाला युरिया मिळतो, ही समजूत अर्धी खरी आहे. विजेच्या उष्णतेने हवेत नायट्रिक ऑक्साइड तयार होते व पुढे नायट्रिक आम्लाच्या रूपाने ते पावसासोबत उतरते, परंतु साऱ्या पृथ्वीवर याचे प्रमाण वर्षाला नत्राच्या सुमारे २० ते ८० लाख टनांच्या घरात आहे, तर खत कारखाने १० कोटी टनांहून अधिक नत्र बांधतात. विजेचे मोठे काम वेगळेच असू शकते: ती हवेत हायड्रॉक्सिल मूलकेही निर्माण करते, आणि जेमतेम सेकंदभर टिकणारे हे मूलकच मिथेन वायूचा नाश करणारे प्रमुख द्रव्य आहे.

बिदरी कलाकुसरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बीदरच्या किल्ल्याच्या मातीत काही गूढ शक्ती आहे ही तिच्याविषयीची धारणा आजही ऐकू येते. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या व चांदी जडवलेल्या भांड्यावर नवसागर आणि ही माती यांचा लेप चोळला, की धातू काळाभोर होतो, चांदी मात्र उजळच राहते. ऊन-पाऊस न लागलेल्या जागेचीच माती घ्यावी, हा कारागिरांचा दंडक रसायनशास्त्राशी सुसंगत आहे. मातीचा गुण तिच्यातील नायट्रेटसारख्या क्षारांत शोधला जातो, आणि जनावरे, पाखरे व माणसे यांच्या मलमूत्रातील नत्रापासून सूक्ष्मजीवांनी बनवलेले हे क्षार पाण्यात सहज विरघळत असल्याने पावसापासून सुरक्षित आडोशालाच साचतात. लेपामुळे पृष्ठभागावरील जस्त निघून जाते, मागे उरलेले तांबे काळे पडते. कारागिराचे अनुभवज्ञान येथे अचूक होते. गूढ शक्तीची गरज त्याला कधीच नव्हती.

या सर्वांत शेतकऱ्याचे थेट नुकसान करणारा गैरसमज एकच आहे, तो म्हणजे दिलेले खत पिकाच्याच वाट्याला येते. काळ्या जमिनीत पाणी तुंबले असताना युरिया फेकला, तर त्याचा काही भाग अमोनिया होऊन उडतो. जो नायट्रेटपर्यंत पोहोचतो त्याचे प्राणवायूच्या अभावी नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड होत जाते. शेवटच्या वायूचे निरुपद्रवी नत्रवायूत रूपांतर करणाऱ्या विकराला तांबे लागते. हा टप्पा अपुरा राहिला तर नायट्रस ऑक्साइड हवेत सुटतो, शंभराहून अधिक वर्षे टिकतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. म्हणून आधी चर काढून पाणी वाहू द्यावे, वाफसा येऊ द्यावा आणि मगच नत्राची मात्रा हप्त्यांनी विभागून, मातीत मिसळून द्यावी. तुरीच्या गाठी आतून गुलाबी असतील, तर त्या रानात वरून युरिया टाकूच नये.