कर जास्त म्हणून कारखाना गेला काय?

'महाराष्ट्रात कर फार, म्हणून धंदे शेजारच्या राज्यात पळतात आणि आपल्या पोरांना काम मिळत नाही.' हे वाक्य चाळीच्या गॅलरीपासून विधानसभेपर्यंत ऐकू येते. २०२२ च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, पुढच्याच महिन्यात टाटा-एअरबसची विमाने बडोद्याला बनणार असे जाहीर झाले, तेव्हा या बोलण्याला ऊत आला होता. (२०२३ च्या जुलैत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले, त्याची मात्र एवढी बोंब झाली नाही.) आयटीआय करून घरी बसलेली मुले आपल्या वस्तीत कमी नाहीत. तेव्हा या बोलण्यात खरे किती आणि खोटे किती, हे आपणच हिशेब मांडून पाहिले पाहिजे.

कर जास्त होता, हे खरे आहे. जकात नाक्यावर तासन् तास उभ्या राहणाऱ्या लॉऱ्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. काहींनी तर त्या चालवल्या आहेत. इतर महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध २०१३ साली व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. मुंबईची जकात मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालू राहिली. महापालिकेला तिच्यातून वर्षाला ७ हजार कोटींच्या आसपास मिळत. रस्ते, दवाखाने, सफाई कामगारांचे पगार या पैशातूनही होत होते, हे जकातीला शिव्या देताना कुणाच्या ध्यानात राहत नसे.

जीएसटी आल्यावर चित्र बदलले. एका मालावर कराचा दर सगळ्या देशात एकच. 'तिकडे विक्रीकर कमी' हे कारण तेथेच संपले. पेट्रोल-डिझेलवरचा कर आपल्याकडे गुजरात-गोव्यापेक्षा जास्त आहे, कारखान्याची वीजही महाग पडते, ही तक्रार रास्त आहे. पण एवढ्यावरून सगळा दोष कराच्या माथी मारता येईल काय?

गिरणगावाकडे पाहा. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बसल्या त्या काय करापायी? यंत्रे जुनी झाली होती, मालकांनी नफा परत गिरणीत घातला नव्हता आणि पुढे कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. आज तेथे मॉल आणि कचेऱ्या आहेत. नोकऱ्या तेथेही आहेत. पण साच्यावरच्या कामगाराच्या मुलाला त्यातली कोणती मिळाली? बहुतेक करून दारावरच्या पहारेकऱ्याची, तीही कंत्राटदाराकडून.

करसवलत देऊन कारखाने ओढण्याचा खेळही जुना आहे. दमण आणि सेलवासला विक्रीकर माफ होता, म्हणून तेथे प्लॅस्टिक आणि धाग्याचे कारखाने उभे राहिले. २००३ साली केंद्राने हिमाचलला अबकारीची सूट दिली आणि औषध कंपन्यांनी बद्दीला धाव घेतली. राज्याराज्यांत ही चढाओढ इतकी वाढली की अखेर १९९९ साली विक्रीकराचे किमान दर ठरवून अशा सवलती बंद करण्याचे सर्व राज्यांना मान्य करावे लागले. सवलतीच्या मुदतीपुरता आलेला कारखाना मुदत संपल्यावर राहीलच याची हमी कोण देणार? मालक कागदपत्र उचलून दुसऱ्या राज्यात जातो. कामगाराला खोली, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील उचलून नेता येत नाहीत.

आणि सवलत फुकट नसते. जो कर घेतला नाही, तो त्याच तिजोरीतून कमी होतो ज्या तिजोरीतून आपल्या मुलांची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा खर्च निघतो.

आता आपल्या स्वतःच्या कराकडे येऊ. पगाराच्या चिठ्ठीवर 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. महिना १० हजारांच्या वर पगार असला की २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २५००. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाप्रमाणे यापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे महिना ११ हजारवाला शिपाई आणि ५ लाखवाला साहेब दोघेही अडीच हजारच भरतात! १९२७ साली मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्याबद्दल हाच दोष दाखवला होता. प्राप्तिकर ठराविक उत्पन्नापर्यंत माफ, पण सारा मात्र गरीब शेतकऱ्यालाही सुटत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ झाला आहे. भगिनींनो, चिठ्ठीवर तरीही कपात दिसत असेल तर कचेरीत विचारा.

या कराचा जन्म मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ज्या रोजगार हमीने जगवले, तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ साली हा कर बसवला गेला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेचा १९७७ साली कायदा झाला आणि २००५ साली सगळ्या देशासाठी तसा कायदा करताना महाराष्ट्राचाच धडा समोर होता. शहरातल्या पगारदाराने कर भरायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचे. करातून रोजगार निघतो तो असा.

म्हणून पुढच्या वेळी अमुक हजार कोटींचा करार झाला अशी बातमी आली की कोटींचा आकडा बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. कायम कामगार किती? त्यांत स्थानिक किती? आणि सवलत किती वर्षांची? आमच्या ओळखीच्या एका मुलाला नव्या कारखान्यात काम लागले म्हणून घरी पेढे वाटले. अकरा महिन्यांनी कंत्राट बदलले आणि तो पुन्हा नाक्यावर आला.

सवलती मोठ्यांनीच घ्याव्यात असेही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी २०१६ पासून बाबासाहेबांच्या नावाने विशेष सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. जिल्हा उद्योग केंद्रात तिची चौकशी करता येते. जातीचा दाखला, प्रकल्प अहवाल, बँकेचे कर्ज एवढे सगळे जुळवताना तरुण थकतात, हे आम्ही पाहिले आहे. अहवाल लिहायला हिशेब जाणणारा माणूस लागतो, आणि तो आता प्रत्येक वस्तीत एखादा तरी आहेच. रविवारी दोन तास त्याला विहारात बसवा.