सात ग्रंथ, साडेसहा हजार पोथ्या आणि एक हिराइसा

महानुभाव पंथाचे ग्रंथ किती, असं कुणा जाणत्याला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: साडेसहा हजार. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. या साऱ्या पसाऱ्याचं मूळ तिथलं. रोज एक ग्रंथ वाचून संपवणारा वाचक मिळाला, तरी त्याची पावणेअठरा वर्षं यातच जातील. आणि एकट्या लेखनिकाने महिन्याला एक या हिशेबाने नकला उतरवायच्या ठरवल्या, तर त्याला ५४१ वर्षं आणि वर आठ महिने लागतील.

आकडा भारी आहे, म्हणूनच तो जरा जपून हाताळावा. यात दहा श्लोकांचं स्तोत्र एक धरलं जातं आणि हजार पानांचं भाष्यही एकच. टीकेवरची टीका वेगळी मोजायची की नाही, एकाच ग्रंथाच्या चार नकला चार धरायच्या का, यावर कुणी पंच बसवलेला नाही. १९६० साली लंडनच्या रेसाइड नावाच्या अभ्यासकाने महानुभाव ग्रंथांची सूची छापली, तर नुसती नावं आणि टिपा यांनीच चाळीसहून अधिक पानं भरली. साडेसहा हजार खरे की निम्मे, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. मला चक्रावून टाकतात ते या गोष्टीतले लहान आकडे.

त्यातला पहिला आहे चार. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी १२७४ साली उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेच्या वाटेने, निघून गेले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ, म्हणजे म्हाइंभटाचं ‘लीळाचरित्र’, रिद्धपूरच्या वाजेश्वरीत तयार झाला तो १२७८च्या सुमारास. मधे अवघी चार वर्षं. ज्ञानेश्वरी त्यानंतर बारा वर्षांनी आली. आता हाच हिशेब बायबलला लावून बघा. येशूला क्रुसावर चढवलं ते इसवी सन ३०च्या आसपास. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं मानतात, ते साधारण ७०चं. म्हणजे चाळीस वर्षं नुसती तोंडी गेली. नव्या करारात आज जी २७ पुस्तकं आहेत, नेमकी तेवढीच नावं असलेली पहिली यादी मिळते बिशप अथानासियसच्या ३६७ सालच्या पत्रात. म्हणजे आणखी तीन शतकं. ३२५च्या निकीया परिषदेत धर्मगुरूंनी मतं टाकून पुस्तकं निवडली, ही लोकप्रिय गोष्ट निव्वळ भाकड आहे. त्या परिषदेने ग्रंथांची यादी केलीच नव्हती. आणि इतकं होऊनही बेरीज जुळलेली नाही. प्रॉटेस्टंटांचं बायबल ६६ पुस्तकांचं, कॅथलिकांचं ७३ आणि इथिओपियाच्या चर्चचं ८१.

म्हाइंभट मूळचा सराळ्याचा, विद्वान आणि पैसेवाला. वादात जिंकायला आला आणि शिष्य होऊन राहिला. स्वामी गेल्यावर पंथाचे आचार्य झालेले नागदेवाचार्य एकेक लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातला एकेक प्रसंग, आठवत बसत. त्या लिहून ठेवाव्यात हे म्हाइंभटाला सुचलं. मग ज्याने पाहिलं, ऐकलं, त्याच्या दारात हा हजर. शेतकरी कामात गुंतलेला असेल तर त्याचं काम आपण करायचं आणि त्याला बोलतं करायचं, असं परंपरा सांगते. जमवलेलं सगळं पुन्हा नागदेवाचार्यांपुढे ठेवायचं, ते खरं म्हणतील तेवढंच ठेवायचं. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध मिळून हजाराहून जास्त लीळा झाल्या. त्यात लोणार आहे, अचलपूर आहे, तेली, न्हावी, गुरव, भिक्षा वाढणाऱ्या बाया आहेत. तेराव्या शतकातला महाराष्ट्र काय जेवत होता, कशावरून भांडत होता, हे इतक्या बारकाईने सांगणारं दुसरं पुस्तक मराठीत नाही.

आणि हे पुस्तक हरवलं. लिहून झाल्यावर पुरती दोन पिढ्यांची वर्षंही गेली नसतील. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दख्खनेत उतरल्या. महानुभाव त्या धामधुमीला ‘खालशाची धाड’ म्हणतात. मंडळी वाट फुटेल तिकडे पांगली आणि मूळ पोथी त्यात गेली ती गेलीच.

इथे हिराइसा येते. ही पंथातली एक साध्वी. तिला लीळाचरित्र ऐकून पाठ झालं होतं, आणि पोथी गेल्यावर तिच्या तोंडून ते पुन्हा लिहून घेतलं गेलं. पुढे इतरांनीही आपापल्या स्मरणातून पाठ तयार केले. आज आपण लीळाचरित्र म्हणून वाचतो ते या स्मरणातून परत उभं राहिलेलं. माणसाची आठवण ती, पाठ जुळणार कसे? पण या लोकांनी फरक दडपले नाहीत. हिराइसा असं सांगते, दुसरा अमुक असं सांगतो, शोध घेता असं कळलं, अशा नोंदी पोथ्यांमध्येच करून ठेवल्या. बायबलच्या अभ्यासकांना हे काम अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तळटीपा रचत करावं लागलं. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं सुमारे ५,८०० आहेत. मूळ शब्द एक लाख ३८ हजारांच्या घरात आणि पाठभेद चार-पाच लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. ग्रंथातल्या शब्दांपेक्षा त्यातल्या फरकांची संख्या तिप्पट!

प्रमाण ग्रंथ कोणते, हे महानुभावांनी कसं ठरवलं? नागदेवाचार्यांचा शिष्य केशोबास याने लीळाचरित्रातून स्वामींची वचनं तेवढी वेचली आणि ‘सूत्रपाठ’ झाला. स्वामींनी दिलेले दाखले वेगळे काढले, ते भरले ११४, तो ‘दृष्टांतपाठ’. याच केशोबासाला संस्कृतात लिहायची हौस होती. नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं, कारण त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना काही कळलं नसतं. आठवणीच्या बळावर ग्रंथ राखणारी हिराइसा ज्या पंथात निघाली, त्या पंथाचा हा निर्णय किती दूरवरचा होता ते यावरून कळतं.

मग अधिकाराच्या पायऱ्या लावल्या. स्वामींचं वचन ती श्रुती, नागदेवाचार्यांचं ती स्मृती, त्यानंतर वृद्धाचार, मग मार्गरूढी आणि शेवटी वर्तमान. बायबलात पुस्तक आत असतं किंवा बाहेर असतं. इथे खालच्या पायरीवरचा ग्रंथही टाकून देत नाहीत, त्याचा शब्द किती चालेल एवढंच ठरलेलं असतं. मला ही व्यवस्था अधिक शहाणपणाची वाटते.

काव्यात मात्र आत-बाहेरचा मामला झालाच. ‘साती ग्रंथ’ म्हणून सात काव्यं मान्य झाली. भास्करभट्ट बोरीकराचं ‘शिशुपाळवध’ (१,०८७ ओव्या) आणि ‘उद्धवगीता’ (८२७), दामोदर पंडिताचं ‘वच्छाहरण’ (५०३), नरेंद्राचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ (८७९), रवळोबासाचं ‘सह्याद्रिवर्णन’ (५१७), नारायण बहाळियेचं ‘ऋद्धिपुरवर्णन’ (६४१) आणि ‘ज्ञानप्रबोध’ (१,२००). या शेवटच्याचा कवी विश्वनाथ बाळापूरकर, म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरचा. बेरीज ५,६५४. नव्या करारात वचनं साधारण आठ हजार आहेत. मिनिटाला चार ओव्या या गतीने म्हटलं तर सातही ग्रंथ एका दिवस-रात्रीत पार पडतात.

यातलं नरेंद्राचं काव्य तर अपुरंच आहे. रामदेवराव यादवाने ओवीला एक सोन्याचं नाणं देऊ केलं, काव्य मात्र आपल्या नावावर हवं म्हणाला. नरेंद्राने नकार दिला आणि एका रात्रीत जेवढं उतरवून घेता आलं तेवढं घेऊन तो दरबारातून निघाला. अठराशेपैकी नऊशे ओव्या वाचल्या, असं परंपरा सांगते. उरलेल्या नऊशे गेल्या त्या कायमच्या. बायबलमध्येही ‘याशाराच्या ग्रंथा’चा हवाला दोनदा येतो आणि तो ग्रंथ आज कुठेच नाही. त्याच्यासारखंच हे. आणि महदाइसेचे ‘धवळे’? मराठीतली पहिली कवयित्री, रिद्धपुरातच चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्यासाठी गायलेली गाणी, पण सातांच्या यादीत तिला जागा नाही. सात ग्रंथांचे सहाही कवी पुरुष. हे मला खटकतं.

यापुढचा आकडा सगळ्यांत अजब. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत घालून ठेवले. सकळ, सुंदरी, अंक, पारिमांडल्य अशी कितीतरी नावं. सकळ लिपी रवळोबासाची मानतात. ब्रह्मविद्या परक्याच्या हाती पडू नये हा हेतू. परिणाम असा, की लीळाचरित्र जगाच्या पाठीवर होतं, पंजाबापासून पेशावर-काबूलपर्यंतच्या मठांत मराठी पोथ्या होत्या, आणि बाकी महाराष्ट्राला त्यांचा पत्ता नव्हता. साडेपाच शतकं! पेशवाई आली नि गेली, इंग्रज आले, वऱ्हाडात कापसाच्या गाड्या रेल्वेने जाऊ लागल्या, तरी कुलूप तसंच. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली, वि. ल. भावे यांना महंतांनी विश्वासात घेतलं, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी या वाङ्मयावर पुस्तक लिहिलं, नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापायला घेतलं आणि बुलढाण्याकडच्या नरवेलचे वि. भि. कोलते आयुष्यभर त्यातच राहिले. इजिप्तमध्ये नाग हम्मादीला १९४५ साली घड्यात पुरलेल्या तेरा पोथ्या निघाल्या आणि जगभर गाजावाजा झाला. आपल्याकडचा ठेवा कुणी पुरलाही नव्हता. तो मठात होता, पूजेत होता, फक्त वाचता येत नव्हता.

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. पण पोथ्या सगळ्या काही मठांत नाहीत. वऱ्हाडातल्या कितीतरी जुन्या घरांत माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, रुमालात बांधलेलं एखादं बाड पडलेलं असतं. म्हातारं माणूस गेलं की घर आवरताना ते निघतं. अक्षर लागत नाही, वाळवी लागलेली असते, म्हणून श्रद्धेनेच नदीत सोडतात. पूर्णेने आणि वर्धेने अशा किती पोथ्या पोटात घातल्या, ती मोजदाद कुणाकडेच नाही. तुमच्या घरी असं बाड असेल तर ते पाण्यात सोडू नका. आधी मोबाइलवर पानापानाचा फोटो काढा, मग जाणत्या महंताला किंवा रिद्धपूरच्या विद्यापीठात दाखवा.