एक संगणक, दोन प्रकल्प

पायथन भाषेतून मशीन लर्निंग शिकवणाऱ्या अनेक पुस्तकांत एक स्वाध्याय हमखास आढळतो : बोस्टन परिसरातील ५०६ वस्त्यांच्या नोंदी घ्या आणि घरांच्या किमतींचा अंदाज बांधा. या नोंदी सायकिट-लर्न या पॅकेजमध्येच मिळत. पॅकेज म्हणजे इतरांनी लिहिलेल्या आणि आपण आयत्या वापरायच्या आज्ञावलींचा संच. नोंदींमध्ये वंशाशी निगडित एक आक्षेपार्ह रकाना होता. म्हणून डिसेंबर २०२२ मधील १.२ या आवृत्तीतून त्या वगळल्या गेल्या. आता तोच स्वाध्याय अक्षरशः पुस्तकाप्रमाणे टंकला, तरी संगणक चूक दाखवून थांबतो.

मग जुनी आवृत्ती बसवली की झाले! पण त्याच संगणकावर दुसऱ्या गटाच्या प्रकल्पाला नवी आवृत्ती हवी असेल तर? पायथन पॅकेज शोधतो ते ठरलेल्या फोल्डरमध्ये आणि केवळ नावावरून. एका नावाच्या दोन आवृत्त्या तेथे नांदत नाहीत. एक बसवली की दुसरी जाते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला वेगळी खोली देणे. २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून ही सोय पायथनमध्येच आहे. तिला आभासी परिसर म्हणता येईल. प्रत्येक परिसराचे पॅकेजचे फोल्डर स्वतंत्र असते.

दुसरा उपाय यादीचा. कोणते पॅकेज, नेमकी कोणती आवृत्ती, हे प्रकल्पासोबत लिहून ठेवायचे. एक पॅकेज इतर पॅकेजांवर विसंबून असते (सायकिट-लर्नला नमपाय लागते), म्हणून त्यांच्याही आवृत्त्या लिहायच्या, पायथनची स्वतःचीही.

आवृत्तीच्या तीन आकड्यांना एक संकेत आहे. पहिला बदलला तर जुने काम अडू शकते, दुसरा बदलला तर नवी सोय आली, तिसरा बदलला तर दुरुस्ती झाली. पण हा संकेत आहे, नियम नव्हे. वरच्या उदाहरणात पहिला आकडा १ च राहिला, तरी स्वाध्याय अडला! मात्र जुन्या आवृत्तीला कायमचे चिकटून राहणेही बरे नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या आवृत्त्यांतच येतात. आवृत्ती बदलावी, पण ठरवून, आणि नंतर प्रकल्प तपासून पाहावा.

प्रयोगवहीत नुसते ‘आम्ल घेतले’ लिहून भागत नाही. विरल की संहत, तेही लिहावे लागते. वर्गात एका गटाने यादी करावी आणि दुसऱ्या गटाने केवळ तिच्या आधारे दुसऱ्या संगणकावर तोच प्रकल्प उभा करावा. उत्तर तेच आले, तर यादी पुरी आहे.