थंडीवरचा आरोप आणि बॅटरीचा हिशेब

कॉटन ग्रीनला हार्बरची गाडी धरून कुर्ल्यास कर्जतची लोकल गाठावयाची, आणि खगोल मंडळाच्या आकाशदर्शनांमुळे मुंबईकरांच्या परिचयाच्या झालेल्या वांगणीस अमावास्येच्या सुमारास रात्रभर तारकांची छायाचित्रे घ्यावयाची, असा परिपाठ असलेल्या हौशी मंडळींत सर्वांत दृढमूल झालेला समज हा, की थंडी बॅटरीतील वीज खाऊन टाकते.

वस्तुस्थिती तशी नाही. तापमान उतरले म्हणजे बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, दाब खाली येतो आणि कॅमेरा बंद पडतो. परंतु साठा बराचसा शिल्लकच असतो. आमच्या भागातील कापसाच्या गोदामांचा दाखला द्यावयाचा तर माल आत भरलेला आहे, दरवाजा तेवढा पुरता उघडत नाही. तीच बॅटरी आतल्या खिशात ऊब देऊन पुन्हा बसविली, की काम पुढे चालू होते.

शिवाय वांगणीच्या दहाबारा अंशांचा बॅटरीवर होणारा परिणाम अगदी किरकोळ. तेथील खरा उपद्रव दहिवराचा. भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळलेली हीटरची पट्टी रात्रभर वीज ओढते, आणि नेमकी हीच रक्कम अंदाजपत्रकातून सुटते. कॅमेऱ्यास 4, ताऱ्यांच्या गतीने तो फिरविणाऱ्या माउंटला 6 आणि पट्टीस 8 वॅट धरले, तर दहा तासांस 180 वॅट-तासांची तरतूद हवी. पॉवर बँकेवरील 20,000 मिलिअँपिअर-तास हा आकडा भरघोस दिसतो खरा, पण तो आतील 3.7 व्होल्टच्या सेलचा असल्याने प्रत्यक्ष साठा 74 वॅट-तासच भरतो. उलट 12.8 व्होल्ट आणि 20 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 256 वॅट-तासांची असते. तिच्या धन टोकालगत फ्यूज असावा, तारा जाड असाव्यात. आणि 12 व्होल्टचे 230 करून ते पुन्हा उतरविण्याचा इन्व्हर्टरचा द्राविडी प्राणायाम कटाक्षाने टाळावा.

खऱ्या थंडीचा मामला लडाखमधील हान्लेचा. सुमारे 4,500 मीटर उंचीवरील, भारतीय खगोलीय वेधशाळा असलेल्या आणि 2022 साली कृष्णाकाश-क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या या स्थळी हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा लेड-ॲसिड बॅटरीकडून निम्मीच वीज हाती लागते. तथापि लिथियम बॅटरीस धोका वापरण्यात नसून, शून्याखाली ती चार्ज करण्यात आहे: ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून तिची क्षमता कायमची घटते. म्हणून पहाटे ती लगेच चार्जरला न जोडता प्रथम खोलीच्या उबेत आणावी.

मोठी बॅटरी विमानातून लेहला नेता येईल, हाही भ्रमच आहे. सुट्या लिथियम बॅटरीस केवळ हातसामानातून मुभा असून, 100 वॅट-तासांपुढे विमान कंपनीची मंजुरी लागते आणि 160 पुढे सक्त मनाई आहे. यास्तव 12.8 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकी 89.6 वॅट-तासांच्या, टोके झाकून न्याव्यात. हान्लेची हवा कोरडी असल्याने हीटरचा खर्च बहुधा वाचतो, आणि थंडीची तूट धरूनही उरलेल्या 10 वॅटांना त्या एका रात्रीस पुरतात.